दाराएवढी जागा

३ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं नाही, तुझी तक्रार मात्र आली. हे रविवारी घरी आले, पायातले बूट काढायच्या आधी पहिलं वाक्य काय, तर "तुझा भाऊ माझ्या मागच्या चाकात बिऱ्हाड थाटतोय." मला वाटलं खोलीच्या भाड्यावरून किंवा स्टोव्ह कुणी घासायचा यावरून बिनसलं. मग कळलं की भांडण रस्त्यावरचं आहे.

अरे, यांनी शब्द टाकला म्हणून तुला सिमेंटच्या कारखान्यात घेतलं. एका खोलीत राहता, एका डब्यातलं जेवता, सकाळी एकाच वेळी निघता. चौदा किलोमीटरच्या रस्त्यावर तुला त्यांच्यापासून चार हात लांब राहवत नाही का? तुझी ती लाल गाडी नवी आहे (म्हणजे तुला नवी, तिला तू तिसरा), पण हे तीस वर्षं मोटारसायकल चालवतायत. मी लग्न होऊन आले तेव्हा मागे बसायला घाबरायचे, तर मला म्हणाले होते, "भिऊ नकोस, मी रस्त्यावर सगळ्यांना दार ठेवून चालवतो." दोन गाड्यांच्या मधे घराचं एक दार पूर्ण उघडेल एवढी जागा. तेवढी असली की दोघंही आपापल्या घरी पोचतात, म्हणे. तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. अजूनही वाटतं, त्यांना सांगू नकोस.

हे झालं त्यांच्या वतीने. आता माझ्या वतीने, आणि हे तू वाचून चुलीत घालायचंस.

यांना चक्कर येते. दोनदा आली. एकदा इथे, हात धुताना. चौकट धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, साबणावरून पाय घसरला. साबण वाटीत होता, जमिनीवर नव्हता. मग खोदून विचारलं तेव्हा दुसरी सांगितली. कारखान्यातून परतताना गाडीवर असताना डावा हात सुन्न पडला आणि आपोआप हँडलवरून खाली आला. गाडी कडेला घेऊन दगडावर बसून राहिले. डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. कंपनीच्या डॉक्टरला कळलं तर शिडीवरून उतरवतील आणि फाटकावर बसवतील, आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला फिटर फाटकावर बसून लोकांना सलाम करणार नाही, हे त्यांचं शेवटचं. मला कुणाला न सांगण्याचं वचन द्यायला लावलं. देवाची क्षमा मागून ते मोडते आहे.

तू यांच्या जवळ राहा. त्यांना कळू न देता. डावा हात खाली आलेला दिसला की पुढे हो आणि धर.

सासूबाईंची कंबर तशीच आहे. कूस बदलायला अजून मी लागते, म्हणून तिकडे येणं होत नाही. शिंप्याकडे फोन आहे, पण तिथे फोनवर बोललं की कापडाबरोबर गोष्टही मापून घेतात. म्हणून पत्रच लिही. मी पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल वहीत ठेवते हे तुला माहीत आहेच, तेव्हा "ताई, तू असं लिहिलंच नव्हतंस" ही पळवाट बंद.

तुझी,
ताई


९ डिसेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

आधी माझी बाजू ऐक, मग वहीत काय उतरवायचं ते उतरव.

दाजींबरोबर गाडी चालवणं म्हणजे परीक्षेच्या खोलीत चालणं. त्यांचे नियम सांगतो. सरळ मागे यायचं नाही, बाजूलाही यायचं नाही. ते रस्त्याच्या उजव्या अंगाला, तर मी मागे डाव्या अंगाला, विटा रचतात तसं. दुसऱ्याच्या आरशात मुक्काम करायचा नाही. दिसायचं आणि सरकायचं. मागून हॉर्न वाजवायचा नाही, जेवत्या माणसाच्या पाठीत थाप मारल्यासारखं होतं म्हणे. पुढे जायचं तर एकदाच, ठामपणे, आणि त्याचा दिवा आपल्या आरशात अख्खा दिसेपर्यंत आत वळायचं नाही. रेल्वे फाटकाशी थांबलं की लोक हँडलात हँडल घालतात ना, तर दाजी मान वळवून असं बघतात की समोरचा स्वतःहून गाडी मागे घेतो. खड्डा आला की पाय बाहेर काढून दाखवायचा. आणि मागचा फार जवळ आला की डावा हात खाली सोडून पंजा मागे. ती खूण म्हणजे "दार!"

मला दिवसातून तीनदा दार दिसतं. घरात नसतील एवढी दारं त्या रस्त्यावर आहेत.

कारखान्यातही आता हे पसरलंय. पॅकिंगची पोरं एकमेकांना ढकलताना "दार, दार" ओरडतात. रोज पहाटे आमच्या पुढे एक पाववाला असतो, दोन्ही बाजूंना पेट्या बांधलेला. एकदा त्याने आम्हाला वाट देताना पेट्यांसकट एवढं सावरून घेतलं की दाजी म्हणाले, "याला म्हणतात घरंदाज माणूस." मला तीन महिन्यांत असं काही म्हणाले नाहीत.

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. वाचलं. चुलीत घातलं. पण ताई, तूच सांग, करू काय? ते म्हणतात लांब राहा, तू म्हणतेस जवळ राहा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात तोच. दार मागतानाही डावा, खाली. चक्कर आली तरी डावा, खाली. मी मागून कोणता समजायचा? त्यांना सरळ सांगून टाकू का की मला माहीत आहे? मग निदान खूण तरी बदलतील.

सासूबाईंना नमस्कार.

तुझा,
धाकटा


१४ डिसेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

सांगायचं नाही. मी वचन मोडलं हे त्यांना कळलं तर ते मला पुन्हा कधी काही सांगणार नाहीत, आणि पुढची चक्कर मला कळणारच नाही. माझी शपथ आहे तुला.

माणूस खूण करतो तेव्हा हातात जीव असतो, आणि हात पडतो तेव्हा नसतो. एवढं मागून दिसत नसेल तर डोळे तपासून घे. आणि तरी शंका आलीच तर जवळ जा. ते ओरडतील, ओरडू देत. जवळ गेल्याने कुणी मरत नाही. लांब राहिल्याने मरतं.

मोठी बहीण म्हणून सांगते, यात आता चर्चा नको. थंडीसाठी त्यांच्या जुन्या कोटाला आतून अस्तर लावून, खांद्याच्या शिवणी दुहेरी मारून याच गाडीने पाठवते आहे. घालतात का ते बघ.

ताई


८ जानेवारी

चि. धाकट्यास,

अठरा दिवस झाले. आज पहिल्यांदा वही उघडली.

तू यांना घेऊन आलास, दोन दिवस उभा होतास, उन्हातान्हात सगळ्यांची व्यवस्था बघितलीस, सगळं बघितलं मी. तेव्हा बोलले नाही. तूही माझ्याकडे बघत नव्हतास. उजवा हात सारखा खिशात.

आता लिहिते. फौजदाराकडे तू जबाब दिलास की तू अर्धा किलोमीटर मागे होतास, धुकं होतं, तू पोचलास तेव्हा हे रस्त्यात पडलेले होते आणि पाववाला त्यांच्याजवळ बसलेला होता. अर्धा किलोमीटर. धाकट्या, मी तुला काय लिहिलं होतं? एकदा नाही, दोनदा. शपथ घातली होती. तू लहानपणापासून असाच. हात धरून रस्ता ओलांडायला सांगितलं की हात सोडून पळायचास. त्या दिवशी एक दिवस, एकच दिवस, माझं ऐकलं असतंस तर त्यांना धरायला कुणीतरी असतं.

सासूबाई अंथरुणातून रोज तेच विचारतात, "तुझा भाऊ कुठे होता?" मी काय सांगू? थोरले दीर तर उघडच म्हणतात, ज्याला नोकरी लावली तो मागे झोपा काढत येत होता.

पाववाल्याला धरलंय हे कळलं. त्याच्या पेटीच्या कडेला ओरखडा आहे. पेट्या एवढ्या बाहेर काढून चालवायचं, आणि वर यांनी त्याला घरंदाज म्हणावं! दीर वकील देतायत. मला घरची म्हणून तक्रारीवर सही करायची आहे, म्हणजे पक्कं होईल. एक तारखेला बोलावलंय.

कोट परत मिळाला, गाठोड्यात. उजवी बाजू सगळी घासून गेली आहे, त्या अंगावर पडले म्हणून. पण डावी बाही खांद्यापासून उसवली आहे. फाटली नाही, उसवली आहे. माझी दुहेरी शिवण होती. घडी घालून ठेवला आहे, अजून शिवायला घेतला नाही.

देव त्यांना शांती देवो. तुला काय देवो ते मला आज सुचत नाही.

ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार.

तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. मी मागे राहिलो. ऐकलं नाही. आणखी काय लिहू?

सासूबाईंना सांग, तो नालायक निघाला. त्यांच्या समोर माझं नाव काढू नकोस म्हणजे झालं.

अक्षर वाकडं आलंय, वाचून घे. मनगट दुखावलंय, कामावर पोतं उचलताना. खोली तशीच आहे. दाजींची गाडी कारखान्याच्या शेडमध्ये ठेवली आहे, माझी विकली. बसने जातो. बसमध्ये लोक अंगावर येऊन उभे राहतात, तर कुणालाही दार मागता येत नाही.

पाववाल्याचं एवढं मनावर घेऊ नकोस ताई. धुकं होतं. धुक्याला काय कोठडीत घालणार आहेत?

धाकटा


२२ जानेवारी

चि. धाकट्यास,

मनावर घेऊ नकोस म्हणे! मग काय घेऊ मनावर, साबणाचा भाव?

पाववाल्याची बायको आली होती. पाच तासांचा प्रवास करून. कुणी पत्ता दिला देव जाणे. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, पाणी दिलं ते घेतलं नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही सही करू नका. महिना झाला आत आहे. पेटीचा ओरखडा जुना आहे, भट्टीच्या दाराला घासतो रोज." मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात.

मग तिने त्याची म्हणून एक गोष्ट सांगितली. तो म्हणतो, आरशात दोन दिवे दिसले. इतके जवळजवळ, की त्याला वाटलं मागून मोटार येते आहे. म्हणून त्याने वाट द्यायला गाडी पार कडेच्या मातीत घातली आणि जाऊ दिलं. पण मोटार पुढे आलीच नाही. आवाज आला. वळून बघतो तर हे पडलेले. त्याने अंगातला स्वेटर काढून यांच्या डोक्याखाली घातला, तो स्वेटरही पोलिसांकडे आहे, तो परत मिळेल का, असंही विचारत होती.

मोटार! पहाटे साडेपाचला, कारखान्याच्या रस्त्यावर, मोटार! मी सरळ सांगितलं, "बाई, तुझ्या नवऱ्याला खोटं तरी धड रचायला सांग. माझा भाऊ मागूनच येत होता. त्याला मोटार दिसली असती." ती म्हणाली, "तुमच्या भावाला विचारलंत का?"

उद्धटपणा बघ. मी आत निघून आले. तुला कसली मोटार दिसली नव्हती ना? तसं दोन ओळींत लिहून पाठव, वकिलाला हवं आहे.

ताई


२७ जानेवारी

ताई,

सही करू नकोस. तुझ्या पाया पडतो. कारण विचारू नकोस. मला वाटेल ते म्हण, थोरल्यांना वाटेल ते म्हणू दे, पण सही करू नकोस. तो माणूस घरंदाज आहे. दाजी म्हणाले होते.

धाकटा


१ फेब्रुवारी

धाकट्या,

आज सही करायची होती. मी गेले नाही. अंगात ताप आहे असं दिरांना सांगितलं. वय झाल्यावर देव मला खोटं बोलायला शिकवतो आहे.

मी दोन ओळी मागितल्या होत्या त्या तू लिहिल्या नाहीस. मोटार दिसली की नाही, एवढंच विचारलं होतं. तुझ्या पत्रात मोटारच नाही.

काल दुपारी सासूबाईंना कुशीवर वळवत होते. एका हाताने वळत नाहीत, म्हणून दंडाशी पोलकं धरून ओढलं, तर शिवण टर्रकन गेली. खांद्यापासून. फाटली नाही, उसवली. त्यांना तसंच सोडून मी कोट काढला आणि दोन्ही शिवणी शेजारी धरून बघितल्या.

रस्ता शिवण उसवत नाही धाकट्या. रस्ता घासतो. शिवण उसवते ती माणसाच्या मुठीत.

मग वही काढली. डिसेंबरची दोन्ही पत्रं माझ्याच अक्षरात वाचली. आणि मग दोन दिवे आठवले, मोटारीएवढे जवळ.

मला एवढंच सांग. तू किती लांब होतास? किलोमीटरमध्ये नको. हातात सांग.

ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,

एका हाताच्या आत होतो.

आठ दिवस हे एक वाक्य लिहायला लागले. आता बाकीचं लिहितो, एकदाच.

त्या सकाळी धुकं होतं. दाजींनी तुझा कोट घातला होता, "बायकोने पाठवलाय, न घालून सांगतो कुणाला" म्हणत. कोटावर खूश होते. मी तुझं पत्र आल्यापासून त्यांच्या जवळ राहत होतो. ते रोज चिडत होते. आदल्या दिवशी तर गाडी थांबवून म्हणाले, "तुला माझ्यापासून नक्की काय हवंय? माझ्या सावलीवर कशाला बसतोस?" मी हसण्यावारी नेलं. तुझी शपथ होती. त्यांना वाटलं मी त्यांची टिंगल करतोय. त्या दिवशी निघताना माझ्याशी नीट बोललेही नाहीत.

पाववाला पुढे होता. तो कडेला झाला, अगदी मातीत, त्याने आम्हाला एक दार नाही, दोन दारं दिली. दाजी त्याच्या बाजूने पुढे निघाले आणि त्यांचा डावा हात खाली आला.

मी धुक्यात बघितला तो हात. पंजा मागे होता की लोंबत होता, ताई, मी रोज तो हात पुन्हा बघतो आणि रोज वेगळा दिसतो. कधी वाटतं बोटं ताठ होती. त्या क्षणी मला शंका आली. आणि शंका आली तर काय करायचं ते मला पाठ होतं.

मी पुढे गेलो, त्यांच्या डाव्या बाजूने. हँडल सोडून उजव्या हाताने त्यांच्या दंडाचा कोट धरला. घट्ट धरला. त्यांनी दचकून मान वळवली. तोंड पूर्ण शुद्धीत होतं. चक्कर नव्हती. डोळ्यांत राग होता. म्हणाले, "अरे, दार!"

मग हँडलात हँडल अडकलं. ते उजवीकडे गेले. मी कोट सोडला नाही, बाही उसवेपर्यंत धरून होतो. मी पडलो नाही. हाताचं मनगट तेव्हाच मुरगळलं.

पाववाला धावत आला तेव्हा मी गाडीसकट मागे धुक्यात उभा होतो. कसा मागे गेलो ते मला माहीत नाही. त्याने मला बघितलं तेव्हा मी जणू आत्ताच येतोय असा चालत आलो. तेच फौजदाराला सांगितलं. अर्धा किलोमीटर हा आकडा तोंडातून कसा आला कुणास ठाऊक. गाडीच्या हँडलवर दाजींच्या गाडीचा काळा रंग होता, म्हणून ती विकली.

तुझं आठ तारखेचं पत्र आलं, की मी जवळ का नव्हतो. वाचून मला आधी रडू आलं आणि मग, खरं सांगतो, सुटल्यासारखं झालं. म्हटलं, ताईला हेच समजू दे. लांब राहिलो म्हणून गेले असं समजली तर फक्त मला शिव्या देईल. जवळ गेलो म्हणून गेले हे समजलं तर वही उघडेल.

हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मी भ्यालो. तो माणूस माझ्या जागी आत बसलाय आणि मी रोज बसच्या खिडकीतून त्याची भट्टी बघतो. तुझ्यासाठी गप्प आहे असं स्वतःला सांगत होतो, आणि त्याच्या बायकोसाठी कुणी काही सांगत नव्हतं.

आता तू सांगशील ते करतो. पण तू सांग. मला आता कोणतीच खूण वाचता येत नाही.

धाकटा


१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

तुझं पत्र मंगळवारी आलं. दोन दिवस मी कामं केली. भांडी, अंथरुणं, सासूबाईंचं औषध. देवापुढे बसले, पण मागायला काही नव्हतं म्हणून उठले.

गुरुवारी शेजारणीला सासूबाईंजवळ बसवून मी पहिल्या बसने तिकडे आले. तुझ्याकडे आले नाही. आधी पाववाल्याच्या घरी गेले. भट्टी बंद आहे, रिकाम्या पेट्या भिंतीशी रचलेल्या आहेत. त्याची बायको दारात आली आणि दारातच उभी राहिली, बाजूला झाली नाही. मला ते योग्य वाटलं. मी बाहेरूनच सांगितलं, सगळं. ती फक्त शेवटी म्हणाली, "स्वेटर राहू द्या तिकडेच." आणि दार लावून घेतलं.

तिथून फौजदाराकडे. त्याच्या टेबलावर मी आधी माझी वही ठेवली, मग कोट, मग तुझं पत्र. याच क्रमाने. त्याने वहीतल्या चौदा डिसेंबरवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "जवळ गेल्याने कुणी मरत नाही." आणि मला विचारलं, "हे कुणाचं अक्षर?" मी म्हटलं, माझं. त्याने पुन्हा विचारलं, जणू मी ऐकलं नसेल. मी पुन्हा सांगितलं. मग तो बराच वेळ वही चाळत बसला आणि म्हणाला, "बाई, यातला गुन्हा कोणता आणि कुणाचा, ते मला वरच्या साहेबांना विचारावं लागेल. पण पाववाल्याचा नाही." तुझा खोटा जबाब हा मात्र गुन्हा आहेच, तो तुला भोगावा लागेल. मी त्यात आड येणार नाही.

थोरले दीर माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मते मी भावाला वाचवायला स्वतःवर ओढून घेते आहे. त्यांना वही दाखवली तर म्हणाले, बायकांनी लिहू नये एवढं.

सासूबाईंना मीच सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळी, कुशीवर वळवताना. म्हटलं, "माझा भाऊ लांब नव्हता. जवळच होता." पुढचं सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, "शेवटी त्याला कुणी धरलं होतं का?" मी म्हटलं, हो. धरलं होतं. त्या म्हणाल्या, "मग बरं," आणि डोळे मिटून घेतले. पुढचं त्यांनी ऐकलं नाही. अजून ऐकलेलं नाही. मला ते रोज सांगायचं आहे आणि रोज मी त्यांना कुशीवर वळवून ठेवते.

हातात जीव होता की नव्हता हे मागून ओळखू येतं, असं मी पाच तासांच्या अंतरावर बसून लिहिलं. तू त्यांना सांगून टाकू का विचारलंस, मी शपथ घातली. यांना विश्वासाने सांगितलं असतं की भावाला माहीत आहे, तर ते चार दिवस माझ्याशी बोलले नसते. एवढंच झालं असतं. माझ्यावर चार दिवसांचा अबोला येऊ नये म्हणून हे झालं. ही ओळ मी वहीतही उतरवली आहे.

तू वीस तारखेला तिथल्या चौकीवर ये. दहा वाजता. मी येते आहे. कुणाची गाडी उसनी घेऊन येऊ नकोस, चालत ये किंवा बसने ये. खरा जबाब दे, आकडे न रचता. पाववाल्याला त्याच दिवशी सोडतील असं फौजदार म्हणाला. तो बाहेर येईल तेव्हा पुढे धावून त्याचे पाय धरायला जाऊ नकोस. त्याला त्याच्या वाटेने जाऊ दे.

चौकीबाहेर एक लांब बाक आहे. मी एका टोकाला बसेन, तू दुसऱ्या टोकाला बस. मधे दाराएवढी जागा राहू दे. राग म्हणून नाही. त्यांनी ती शेवटपर्यंत मागितली, आणि आपण दोघांनी दिली नाही.

तुझी,
ताई